पाणी जमतं ती जागा

१

नव्या खोलीचं दार ढकललं आणि श्याव-युनच्या नाकात आधी वास शिरला. कुजक्या शिंपल्यांचा. फांगल्यावच्या किनाऱ्यावर जन्म गेलेल्या बाईला समुद्राचे वास काही नवे नव्हते, पण हा वास काचेच्या टाक्यांमधून यायला नको होता. तिने दिवा लावला आणि दाराची कडी हातात धरून तशीच उभी राहिली.

टाक्यांच्या तळाशी कोळंब्या उताण्या पडल्या होत्या. गोगलगायी काच सोडून वाळूत लोळत होत्या. आणि मधल्या टाकीतलं ते मोठं समुद्रफूल, तिच्या आईने वाढवलेलं, आई गेल्यावरही तगून राहिलेलं, साबणाच्या फेसासारखं विरून खडकावर ओघळलं होतं. त्यात घर करून राहणारं विदूषक माशांचं जोडपं पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकत होतं.

"बाबा," तिने हाक मारली.

मोठ्या शेडमधून थान छिंग-शुइ रबरी बूट फरफटत आले. त्यांनी आत एक नजर टाकली आणि तिथल्याच उलट्या क्रेटवर मटकन बसले. हा माणूस वादळात छप्पर उडालं तेव्हाही बसला नव्हता.

या खोलीवरून बापलेकीत वर्षभर धुसफूस चालली होती. छिंग-शुइ तीस वर्षं समुद्री शोभेचे मासे वाढवत होते आणि ते फक्त दुकानदारांनाच विकत होते. एखादा शौकीन थेट फाटकाशी आला तर त्याला चहा मिळे, जवळच्या दुकानाचा पत्ता मिळे, मासा मिळत नसे. पण दुकानं एकेक करून बंद पडत होती आणि शौकीन मंडळी फोनवरून परदेशी माल मागवत होती. शेवटी श्याव-युनने हट्टाने ही खोली बांधली, शौकिनांना थेट विकायला. बापाने दोन अटी घातल्या होत्या. दुकानापेक्षा स्वस्त विकायचं नाही, आणि ज्या गावचं गिऱ्हाईक त्या गावच्या दुकानाला त्यातला वाटा द्यायचा. गेल्या आठवड्यात मुहूर्त बघून खोलीची पूजा झाली होती. गिऱ्हाइकं यायला सुरुवात परवापासून होणार होती.

श्याव-युनने टाकीतलं पाणी नळीत घेतलं आणि त्यात तपासणीचे थेंब टाकले. नळी निळी झाली, मग गडद निळी.

"तांबं," छिंग-शुइ म्हणाले.

तांब्याचं निळं औषध या धंद्यात प्रत्येकाकडे असतं. माशाच्या अंगावरचे किडे त्याने मरतात आणि मासा वाचतो. पण कोळंबी, गोगलगाय, समुद्रफूल यांना ते जहर आहे. म्हणून थानांच्या शेडवर ती बाटली कायम कुलपात असे. श्याव-युन धावत जाऊन बघून आली. कुलूप जागच्या जागी होतं, बाटलीचं सीलही फुटलं नव्हतं.

मग तिची नजर दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात गेली. वरच एक निळी बाटली होती, अर्धी रिकामी. तिच्यावर काऊश्युंगच्या वेंगशेठच्या दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली होती.

२

थोडं थांबली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण संताप माणसाला थांबू देत नाही. श्याव-युनने मेलेल्या समुद्रफुलाचा फोटो काढला, बाटलीचा काढला, आणि दोन्ही दुकानदारांच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'वेंगशेठ, तीस वर्षांच्या ओळखीची ही भेट पोचली.'

वेंगशेठ म्हणजे थानांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. थेट विक्रीला सगळे दुकानदार कुरकुरत का होईना तयार झाले होते, एकटा हा म्हातारा अडून बसला होता. काल दुपारी तो गाडी घेऊन आला, नव्या खोलीच्या दारात उभं राहून बापाशी तावातावाने बोलला आणि निघून गेला. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण त्याचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू गेला होता.

मग थायनानच्या यानताईंचा फोन आला. त्या स्वतः दुकान चालवत आणि सगळ्यांच्या वतीने बोलत.

"पोरी, तुला वेड लागलंय का?"

"ताई, बाटली त्यांची आहे."

"बाटली माझ्याकडेही आहे. उद्या तुझ्याकडे आणखी काही मेलं तर माझा फोटो टाकशील?" यानताईंचा आवाज नेहमी मधाळ असायचा. आज त्यात मध नव्हता. "वेंगशेठ तोंडाचा फाटका आहे, हाताचा नाही. उद्या संध्याकाळपर्यंत पुरावा दे, नाहीतर सगळ्यांसमोर माफी माग. दोन्ही नाही झालं तर आम्ही तुमच्याकडचा माल बंद करतो. मनिलाचे माशांचे व्यापारी दारात उभेच आहेत."

श्याव-युनने फोन ठेवला. सगळी दुकानं गेली तर शेड महिनाभरही चालणार नव्हती.

"काय करून बसलीस हे?" छिंग-शुइंनी विचारलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले.

आणि वेंगशेठ? त्याने संदेश वाचल्याची खूण दिसत होती. ज्याच्या तोंडाला सगळा धंदा घाबरायचा, त्याने एक अक्षरही उलट लिहिलं नव्हतं. या गोष्टीने श्याव-युनला पहिल्यांदा आतून हादरा बसला.

३

दुपारी ज्वांगकाका आले. बंदरावरच्या पोलीस चौकीत उभी हयात घालवून निवृत्त झालेला हा गृहस्थ आता दिवसभर घरच्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसे. नव्या खोलीतून विकायचं पहिलं, लहानसं समुद्रफूल त्यांच्याच नावावर राखलेलं होतं. येताना त्यांनी पिशवीभर लाल, पाणीदार जामाची फळं आणली होती आणि एकेक खात खात ते खोलीभर फिरले.

"माझं फूल मेलं ना? म्हणजे फिर्यादी मीही आहे," ते म्हणाले. "आता मला सांग आ-युन, सगळ्यात आधी काय मेलं?"

"सगळं आज सकाळीच."

"नीट आठव."

ती आठवू लागली. "गोगलगायी... त्या परवापासूनच काच सोडत होत्या. मला वाटलं टाक्या नव्या आहेत, रुळतील."

"परवा," काकांनी जामाची बी थुंकली. "आणि वेंगशेठ आला काल."

हे श्याव-युनला दिसायला हवं होतं.

"पण त्याने आधी कधीतरी येऊन टाकलं असेल," ती म्हणाली.

"असेल. पूजेला कोण कोण होतं?"

"यानताई होत्या. सगळ्या टाक्या बघितल्या, भाव विचारले, स्वतःच्या दुकानासाठी फोटोही काढून नेले. बाकीचे दुकानदार बाहेर मांडवात जेवत होते. वेंगशेठ आले नाहीत. बहिष्कारच होता त्यांचा, घरच्यांनीही पाय ठेवायचा नाही म्हणे. वेंगकाकू मात्र चोरून डोकावल्या, रिकामी खोकी परत द्यायचं निमित्त काढून."

"त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही हो. बिचाऱ्या गल्ल्यावर बसणाऱ्या. वेंगशेठ त्यांना टाकीजवळ फिरकू देत नाहीत, हाताला क्रीम असतं म्हणून. त्यांना सगळ्याचंच नवल. एवढं पाणी फिरून शेवटी कुठे जमतं, म्हणून विचारत होत्या. मी खालची टाकी दाखवली. मग त्या देवापुढे उदबत्ती लावून गेल्या."

काकांनी मान डोलावली आणि खोलीच्या कोपऱ्यात जाऊन वाकले. पंपामागे एक बादली होती, तिच्या कडेला मिठाचा पांढरा थर. बादलीशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या निळ्या सपाता होत्या, अजून ओलसर.

"या कोणाच्या?" काकांनी विचारलं.

श्याव-युनने त्या ओळखल्या. या सपाता तिच्या बापाच्या होत्या, आणि पूजेनंतर आपण या खोलीत पाऊल ठेवणार नाही असं त्यानेच सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

४

"हो, मीच येत होतो," छिंग-शुइ म्हणाले. मान खाली होती. "पहाटे, ती उठायच्या आधी."

"बाबा, तुम्ही?" श्याव-युनच्या डोळ्यांपुढे आईचं फूल येत होतं. "तुम्हाला खोली नको होती, मला माहीत आहे. पण आईचं फूल तरी..."

"मूर्ख पोरी, त्या फुलासाठीच येत होतो." छिंग-शुइंनी मान वर केली. डोळे लाल झाले होते. "परवा गोगलगायी पडलेल्या दिसल्या. म्हटलं पाणी बिघडलं. थोडं उपसलं, थोडं ताजं घातलं. संध्याकाळी खिडकीतून बघितलं तर सगळं ठीक वाटलं. काल पहाटे पुन्हा तेच, पुन्हा बदललं. तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, बापाला माझी खोली चालवायचीय. आणि तांबं असेल हे डोक्यात तरी कसं येणार? कुलूप तर लावलेलं होतं."

वर्षभर जो माणूस या खोलीकडे पाठ करून जेवत होता, तो पहाटे उठून तिथे बादल्या वाहत होता.

ज्वांगकाकांनी मात्र हातातला जाम खाली ठेवला. त्यांनी खाणं थांबवलं की चौकीतले लोक सावध होत असत, असं म्हणतात.

"छिंग-शुइ दादा, परत सांगा. पाणी बदललं की बरं, आणि रात्र गेली की पुन्हा वाईट?"

"हो."

"बाटलीतलं औषध एकदा ओतलं की ओतलं. पाणी बदलल्यावर ते कमी व्हायला हवं. इथे दर रात्री पुन्हा वाढतंय. म्हणजे कोणीतरी रोज येऊन ओततंय, किंवा ते टाकणारं काहीतरी अजून आतच बसलंय. रोज येणारे तुम्ही दोघंच."

"मग ती बाटली?" श्याव-युनने विचारलं.

"ती कचऱ्यात मी टाकली," छिंग-शुइ म्हणाले.

काका क्रेट ओढून त्यांच्यासमोर बसले.

"काल वेंग आला ना, तो हातात ती बाटली आणि त्याचं जुनं जाळं घेऊन. मला म्हणाला, घे, आता दुकानदार तूच झालास, तुलाच लागेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जाळं फेकलं बाहेर, बाटली टाकली डब्यात. तोंडावर टोमणा मारायला एवढ्या लांबून आला."

"आणि मासे?" काकांनी विचारलं. "दर वेळी भरून नेतो तसे नेले?"

छिंग-शुइ विचारात पडले. "नाही. मासे त्याने मागितलेच नाहीत. खोकीसुद्धा आणली नव्हती."

"मासे न घेता मासेवाल्याकडे कोण येतं?" काका पुटपुटले. मग त्यांनी अस्तन्या वर सारल्या. "आ-युन, पाणी जमतं ती जागा दाखव मला. जशी वेंगकाकूंना दाखवलीस तशी."

५

टाक्यांखालच्या लाकडी कपाटात ती मोठी टाकी होती. सगळ्या टाक्यांचं पाणी नळ्यांतून तिथे उतरायचं, गाळून पुन्हा वर जायचं. श्याव-युनने बॅटरी धरली. काकांनी हात खांद्यापर्यंत आत घातला. गाळणीमागच्या अंधाऱ्या सांदीत चाचपडत त्यांनी काहीतरी बाहेर काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

लाल फडक्याची पुरचुंडी होती, लाल दोऱ्याने नीट बांधलेली. लाल रंग निम्मा उडाला होता आणि त्यावर हिरवट डाग पडले होते. दोरा सोडला तर आत मूठभर नाणी. जुनी, तपकिरी, आता बाजारात न चालणारी, कडांना हिरवा गंज चढलेली.

"तांब्याची," छिंग-शुइ म्हणाले. "पूर्वीची अर्ध्या डॉलरची नाणी. मिठाच्या पाण्यात अशी नाणी सोडली तर तांबं रोज थोडंथोडं विरघळत राहतं."

"हे विष घालायला कोणी ठेवलेलं नाही," ज्वांगकाका म्हणाले. "विष घालणारा लाल फडकं घेत नाही, गाठही अशी मारत नाही. ही पैशाची आई आहे."

फांगल्यावमध्ये हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नवं दुकान काढलं की माणसं भूमीदेवाच्या देवळात जातात आणि देवाच्या पायाशी ठेवलेली नाणी घरी आणतात. ती खर्च करायची नसतात. ती गल्ल्यात राहतात आणि पुढचा पैसा त्यांच्या पोटी जन्म घेतो, अशी श्रद्धा. आणि पाणी म्हणजे लक्ष्मी. ती जिथे जमते तिथे ही आई ठेवावी, म्हणजे बरकत वाहून जात नाही.

"वेंगकाकू," श्याव-युन म्हणाली. "नवऱ्याला न सांगता माझ्या खोलीला आशीर्वाद द्यायला आल्या होत्या त्या. आणि मी त्यांच्या नवऱ्याला सगळ्यांसमोर खुनी ठरवलं."

"थांब, अजून संपलेलं नाही." काकांनी एक नाणं उजेडात धरलं. "ही देवळातून नवी आणलेली नाहीत. देवळात हल्ली चकचकीत मिळतात. ही कोणाच्यातरी गल्ल्यात वर्षानुवर्षं बसलेली आहेत. आता मला सांग छिंग-शुइ दादा, तुम्ही चालत्या दुकानाच्या गल्ल्यातली पैशाची आई उचलून दुसऱ्याला द्याल?"

"मरेन, पण देणार नाही. बरकतच गेली मग."

"वेंगकाकूंनी दिली. नवऱ्याने औषधाची अर्धी बाटली दिली, जाळं दिलं, आणि मासे घेतलेच नाहीत."

छिंग-शुइंचा चेहरा उतरत गेला. काल रागाच्या भरात ऐकलेलं वाक्य त्यांच्या कानात आता वेगळंच वाजत असावं. ते उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा हातात वेंगचं जाळं होतं, काल त्यांनीच भिरकावलेलं. त्याच्या मुठीवरची चिखलाची रेघ ते अंगठ्याने पुसत होते.

"तो टोमणा नव्हता," ते म्हणाले. "तो दुकान बंद करतोय, माझा निरोप घ्यायला आला होता."

६

दुसऱ्या दिवशी वेंगशेठच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. श्याव-युन वाकून आत शिरली आणि जागीच थबकली. लहानपणी बापाचं बोट धरून ती इथे येत असे तेव्हा भिंतभर निळा उजेड असायचा. आता टाक्या कोरड्या होत्या. वेंगशेठ स्टुलावर चढून शेवटच्या काचेवरचे मिठाचे डाग खरवडत होता.

"फोटोग्राफरबाई आल्या," तो म्हणाला, मागे न वळता.

श्याव-युन कमरेत वाकली आणि वाकलेलीच राहिली. "वेंगशेठ, मी चुकले. येतानाच ग्रुपवर लिहिलंय, सगळ्यांसमोर. तुमचा काही संबंध नव्हता."

"मला ठाऊक आहे माझा संबंध नव्हता. कोणाचा होता?"

नाव सांगायचं नाही, हे ती गाडीतच ठरवून आली होती. पण वेंगशेठने वळून पाहिलं आणि त्याची नजर तिच्या बोटांवर गेली. नाणी हाताळून बोटांना हिरवट डाग पडले होते. तीस वर्षं माशांत काढलेला माणूस तो. त्याने एकदा त्या बोटांकडे पाहिलं, मग गल्ल्याकडे पाहिलं. गल्ला उघडा आणि रिकामा होता. तो हळूहळू स्टुलावरून उतरला.

"ती मला न सांगता आली होती," तो म्हणाला. ते विचारणं नव्हतं. "तिला सांगू नकोस. दुकान गेलं, एवढंच पुष्कळ आहे तिला."

तेवढ्यात मागच्या दारातून वेंगकाकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. श्याव-युनला बघताच चेहरा फुलला, मग नवऱ्याची आठवण होऊन पुन्हा मिटला.

"आ-युन, आलीस? यांच्याकडे लक्ष देऊ नकोस, दोन दिवस जेवलेले नाहीत." त्यांनी आवाज खाली आणला. "खोली सुरू होतेय ना गं? लागेल ना बरकत?"

"लागेल काकू," श्याव-युन म्हणाली. खिशातली पुरचुंडी तिने बाहेर काढली. फडकं नवं होतं, नाणी तिने रगडून घासली होती. "फक्त पंपाच्या धक्क्याने फडकं सुटत होतं. म्हणून वाटलं, पाण्यात नको, गल्ल्यात ठेवावी."

वेंगकाकूंनी पुरचुंडी हातात घेतली. एक नाणं बाहेर काढून उलटंसुलटं केलं. कितीही घासली तरी कडेच्या खाचांतून हिरवं राहिलंच होतं. काकूंनी त्या हिरव्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ग्रुपवरचा फोटो त्यांनीही पाहिला असणार. टाकीला त्यांनी कधी हात लावला नव्हता, पण गल्ल्यावर बसून तीस वर्षं त्या गिऱ्हाइकाला एकच वाक्य ऐकवत आल्या होत्या, हे निळं औषध कोळंबीच्या टाकीत घालू नका हं, त्यात तांबं असतं.

ट्रे त्यांनी खाली ठेवला. कप कलंडून चहा सांडला.

"तुझ्या आईचं फूल," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळे गेलं?"

वेंगशेठ पुढे आला. त्याला काय करावं कळेना, म्हणून त्याने सांडलेला चहा आपल्या फडक्याने पुसायला घेतला, काच पुसत होता त्याच.

श्याव-युनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते लपवलं नाही. "गेलं काकू. पण खडकाच्या सांदीत बोटाएवढा एक तुकडा बाबांना जिवंत सापडला. वेगळ्या पाण्यात ठेवलाय. बाबा त्याच्यासमोरून हलत नाहीत, म्हणून आले नाहीत. जाळं मात्र त्यांनी धुऊन खिळ्याला टांगलंय. म्हणालेत, ज्याचं आहे त्याने येऊन वापरावं."

वेंगशेठ पुसतच राहिला.

"आणि काकू, माझं एक काम आहे. मला मासे वाढवता येतात. गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही, काल सगळ्यांनी बघितलंच. काऊश्युंगमधला प्रत्येक शौकीन तुम्हाला नावाने ओळखतो. माझ्या खोलीचा गल्ला तुम्ही सांभाळाल? तुमच्या गिऱ्हाइकांचा वाटा तुमचा, कबूल केलाय तसाच."

वेंगकाकूंनी पुरचुंडी छातीशी धरली आणि मान हलवली, नाही म्हणून. मग नवऱ्याकडे बघितलं.

वेंगशेठने फडकं बादलीत पिळलं. पाठ वळवूनच म्हणाला, "जाईल ती. पण तिला पाण्याजवळ फिरकू देऊ नकोस."

मग तो दाराकडे गेला आणि दोघींना वाकावं लागू नये म्हणून त्याने शटर पूर्ण वर केलं.